चूक आणि शिक्षा यांमधील अंतर

रस्त्यावर माणूस दगावला की त्याच्या मरणाचा हिशेब दैवाच्या खाती मांडण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. ‘वेळ भरली होती’, ‘ललाटीचे चुकत नाही’ अशी वाक्ये शोकाकुल घरात उच्चारली जातात तेव्हा ती सांत्वनाची असतात, आणि त्यांना हरकत घेण्याचे कोणाला कारण नाही. परंतु तीच वाक्ये उंबरा ओलांडून समाजाची समजूत बनतात, आणि गाडी हाकणारा, रस्ता बांधणारा व बंदोबस्त ठेवणारा असे सगळेच त्या समजुतीच्या आडोशाला उभे राहतात, तेव्हा मात्र तिची झडती घेणे अवश्य होते. कारण दैवाची म्हणून जी घटना सांगितली जाते ती वर्षानुवर्षे त्याच उतारांवर, रात्रीच्या त्याच प्रहरी आणि बहुतकरून त्याच चार-पाच कसुरांच्या पाठोपाठ घडत असेल, तर तिच्यामागे दैवापेक्षा सवयीचा हात अधिक आहे, असा निष्कर्ष काढणे कोणाही समंजस माणसाला भाग पडेल.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या दप्तरी २०२२ या एका वर्षात देशभर ४,६१,३१२ अपघातांची आणि त्यांत १,६८,४९१ मृत्यूंची नोंद आहे. तासाला सरासरी एकोणीस माणसे असा हा हिशेब पडतो. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ माणसे रस्त्यावर मेली. म्हणजे दिवस उजाडून मावळेपर्यंत आणि पुन्हा उजाडेपर्यंत आपल्या राज्यातील चाळीसहून अधिक घरांवर कुऱ्हाड कोसळली. मृतांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयातील, म्हणजे घरची कर्ती माणसे होती. आणि सुमारे एकाहत्तर टक्के मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून ‘अतिवेग’ हा शब्द लिहिलेला होता. पंचनाम्यात कारण लिहिणाऱ्या अंमलदाराला हा शब्द सोयीचा वाटत असेल, हे मान्य करूनही त्यातील तथ्य नाकारता येत नाही.

सुरक्षित वाहनचालनाविषयी जे काही सांगितले जाते ते बहुधा नियमांच्या जंत्रीच्या रूपाने, आणि जंत्री पाठ करणारा माणूस ती परीक्षेपुरती पाठ करून विसरतो. वस्तुतः या सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. मनुष्य चुकणारच; कितीही मुरलेल्या चालकाची नजर क्षणभर ढळते, अंदाज वाकडा पडतो, किंवा त्याच्या स्वतःच्या हातून काही न घडताही समोरचा इसम वेड्यासारखा आडवा येतो. ज्याच्या हातून कधीच चूक होत नाही असा चालक जन्माला यावयाचा आहे. उत्तम म्हणून जो ओळखला जातो, त्याच्याजवळ चूक घडली असता ती सावरण्यापुरती जागा आणि वेळ नेहमी उरलेली असते, इतकेच. जाणता गृहस्थ ज्याप्रमाणे महिन्याची सगळी मिळकत खर्चून न टाकता अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला ठेवतो, त्याप्रमाणे जाणता चालक अंतर, वेळ आणि अवधान या तिहींपैकी काही ना काही सदैव हाताशी राखून असतो. चूक आणि तिची शिक्षा यांच्यामध्ये अंतर राखणे, ही वाहनचालनाची सगळी विद्या होय. आणि वेग, मद्य, निद्रानाश, मोबाइल हे सगळे तेच अंतर खाऊन टाकतात, म्हणून ते घातक.

यांपैकी वेगाचे गणित प्रथम पाहावे, कारण ते नुसत्या अंदाजाने कळत नाही. ताशी साठ किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर आणि ताशी शंभर वेगाची २८ मीटर पुढे जाते. समोर म्हैस आडवी आली हे डोळ्यांनी पाहावे, मेंदूने ओळखावे आणि पायाने ब्रेक दाबावा, एवढ्याला सावध माणसालाही दीड सेकंद सहज लागतो. त्यामुळे ब्रेक लागावयास सुरुवात होण्यापूर्वीच पहिली मोटार २५ आणि दुसरी ४२ मीटर गेलेली असते. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबण्यास पहिलीला सुमारे २० मीटर पुरतात, दुसरीला मात्र सुमारे ५६ मीटर लागतात. कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या प्रमाणात न वाढता वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. एकूण बेरीज केली तर साठच्या वेगाला पंचेचाळीस मीटर आणि शंभरच्या वेगाला जवळजवळ शंभर मीटर मोकळा रस्ता लागतो. आणि रस्ता ओला असेल तर ब्रेकचा भाग दीडपटीहून अधिक लांबतो. न थांबता आदळलीच, तर साठच्या वेगाने भिंतीवर आदळणारी मोटार चार मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडल्याइतक्या आघाताने आदळते. गच्चीच्या कठड्याशी लहान मूल गेले तर आपण धावत जाऊन त्याला मागे ओढतो. साठच्या वेगाने धावणाऱ्या मोटारीत तेच मूल पुढच्या आसनावर उभे असते आणि आपण कौतुकाने पाहतो.

वेग वाढवून वाचते काय, याचाही जमाखर्च एकदा मांडावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे, आणि सपाटीवर त्याची मोटारींची वेगमर्यादा ताशी शंभर आहे. घाटातील कमी मर्यादा आणि नाक्यांवरील थांबे क्षणभर विसरून सबंध रस्ता एकाच वेगाने काटला असे धरले, तरी शंभरऐवजी एकशेवीसच्या वेगाने जाणाऱ्याची सारी बचत साडेनऊ मिनिटांची असते. त्या साडेनऊ मिनिटांची किंमत अशी : पुढे एखादा मालट्रक बंद पडून उभा आहे, दोन मोटारींनी एकाच ठिकाणी ब्रेक दाबले, आणि शंभरच्या वेगाने आलेली मोटार त्या ट्रकला नेमकी टेकून थांबली, असे समजा; एकशेवीसने आलेली मोटार त्याच ठिकाणी ताशी सहासष्ट किलोमीटर वेगाने ट्रकवर आदळते. वेगातील फरक विसाचा, आणि परिणामातील फरक ‘थोडक्यात वाचलो’ आणि ‘जागीच गेला’ यांतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा संभव चार टक्क्यांनी वाढतो. त्याचे मूळ याच गणितात आहे.

पुढील वाहनापासून किती अंतर राखावे याचा जगभर मानलेला शिरस्ता मीटरांत सांगितला जात नाही, तो सेकंदांत सांगितला जातो. कारण धावत्या गाडीतून मीटर मोजता येत नाहीत, सेकंद मोजता येतात. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी किंवा फलकापाशी पोचली की मनात सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे म्हणावे. ते म्हणून होण्यापूर्वीच आपण त्या खांबापाशी पोचलो, तर अंतर अपुरे आहे असे जाणून पाय सैल करावा. पावसात, धुक्यात आणि रात्री हे दोन सेकंद चारांवर न्यावेत. यावर आपल्याकडे ठरलेला आक्षेप असा, की एवढी जागा सोडली तर तिच्यात लगेच एखादी रिक्षा किंवा मोटारसायकल घुसते. घुसू द्यावी. ती घुसली म्हणजे आपण पुन्हा दोन सेकंद मागे सरावयाचे. वाटेत अशी दहा वाहने घुसली तरी गंतव्यस्थानी पोचण्यास वीस सेकंदांचा विलंब होईल, आणि वीस सेकंदांच्या मोबदल्यात प्राण सुरक्षित राहणे हा सौदा कोणत्याही बाजारात स्वस्तच म्हणावा लागेल.

महाराष्ट्रात वाहन चालविण्याचा विचार घाटांना वगळून करताच येत नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून कोकण आणि देश यांची ये-जा सह्याद्रीच्या वळणांनी बांधलेली आहे. कसारा, माळशेज, वरंधा, कशेडी, आंबोली ही नावे उच्चारताच मराठी प्रवाशाच्या मनात दरीची बाजू उभी राहते. घाट उतरण्याची कला पाहावयाची असेल तर ती १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या आणि तेव्हापासून घाटांतूनच वाढलेल्या एसटीच्या एखाद्या मुरलेल्या चालकाजवळ बसून पाहावी. घाटमाथ्यावरचा फलक दिसताच, उताराला तोंड लागण्यापूर्वीच, तो गिअर खाली आणतो. इंजिनाचा आवाज जाड होतो, आणि जड बस कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी आपल्या आपण आवरली जाते. त्याचा पाय ब्रेकवर रेंगाळत नाही. वळण यावयाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, तो एकदा ठामपणे ब्रेक दाबून वेग उतरवतो आणि सोडतो. वळणात शिरल्यावर त्याचे दोन्ही हात फक्त स्टेअरिंगचे काम करतात. आंधळ्या वळणावर तो हॉर्न देतो आणि क्षणभर कान देऊन उत्तराची वाट पाहतो; खालून मालाने भरलेला ट्रक धापा टाकीत चढताना दिसला आणि रस्ता अरुंद असला, तर बस कडेला घेऊन तो त्याला वाट देतो. हे शेवटचे त्याचे सौजन्य तर आहेच, पण कायद्याचाही तसाच हुकूम आहे : दोन वाहनांपुरती रुंदी नसलेल्या चढावर पहिला हक्क चढणाऱ्याचा, कारण चढणीवर एकदा थांबलेले जड वाहन पुन्हा हलविणे कठीण असते आणि ते मागे घरंगळण्याचे भय असते.

या साऱ्यामागचे कारण साधे आहे. ब्रेक म्हणजे गाडीच्या गतीची उष्णता करणारे यंत्र. मैलोनमैल उतारावर ते सतत दाबून धरले तर ड्रम आणि लायनिंग इतके तापतात की त्यांचे घर्षणच उणावते, जळका वास येऊ लागतो, आणि अखेर पाय तळाशी टेकला तरी गाडी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. याच्या उलट डिझेल वाचविण्याच्या लोभाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची, प्रसंगी इंजिनच बंद करण्याची जी वहिवाट मालवाहतुकीत शिरली आहे, ती आत्मघाताहून वेगळी नाही. इंजिन बंद झाले की ब्रेकला हवा पुरविणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टेअरिंग जड होते, आणि इंजिनाचा जो आवर होता तोही नाहीसा होतो. शिवाय आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआप तुटतो. तेव्हा जी बचत म्हणून सांगितली जाते ती बचतही खरी नव्हे. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत जो लांब उतार आहे, तेथे २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने पुढील डझनावारी वाहने चेचली. त्यावेळच्या तपासात ‘ब्रेक निकामी झाले’ या पहिल्या बातमीच्या जागी इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडल्याची गोष्ट पुढे आली. ब्रेक निकामी होतात, असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते निकामी केले जातात.

पावसाळ्याविषयी थोडक्यात सांगण्यासारखे इतकेच, की पहिला पाऊस जोराच्या पावसाहून अधिक दगा देतो. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि रबराचा भुगा पहिल्या सरींनी भिजून निसरडा लेप तयार होतो, आणि दुचाकीस्वाराला तो डांबरावर दिसतही नाही. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेग असेल, तर टायरच्या खाचांना ते पाणी बाजूला सारण्याची फुरसत मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगू लागतो, आणि तेवढ्या वेळापुरते स्टेअरिंग व ब्रेक दोन्ही नाममात्र उरतात. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरहून कमी उरली की तो टायर कायद्याने बाद आहे. हवेच्या बाबतीतही हयगय करू नये : हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक चेपतो, चेपल्यामुळे तापतो, आणि वैशाखाच्या उन्हात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तोच टायर फुटतो. आठवड्यातून एकदा, गाडी गार असताना हवा तपासणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

रात्रीचा रस्ता हा वेगळाच मुलूख आहे, आणि त्याचे खरे स्वरूप पाहावयाचे तर उसाच्या हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या बाजूंच्या रस्त्यांवर पाहावे. तिन्हीसांजेनंतर उसाने शिगोशिग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात. मागचा दिवा उसाच्या वाढ्यांनी झाकलेला, किंवा मुळातच नाही. वाढे दोन्ही अंगांनी बाहेर आलेले. एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी राहिली, तर तिच्याभोवती खूण म्हणून दगड मांडले जातात, आणि सकाळी ट्रॉली निघून गेली तरी दगड तेथेच राहतात. अशा वेळी समोरून येणारा ट्रक अप्परवर दिवे ठेवून आला, की चालकाचे डोळे दिपतात, आणि तो प्रकाश निघून गेल्यावरही काही सेकंद पुढचा रस्ता निव्वळ काळा दिसतो. ट्रॉली नेमकी त्या काळोखात उभी असते. डिपरवर ठेवलेल्या दिव्यांचा उपयुक्त उजेड सुमारे पन्नास मीटर पडतो, आणि साठच्या वेगाला थांबण्यास पंचेचाळीस मीटर लागतात, हे वर आलेच आहे. त्याहून अधिक वेगाने अंधाऱ्या रस्त्यावर जाणारा माणूस आपल्या नजरेच्या पलीकडे गाडी हाकीत असतो. दिवा डिपरवर आणावा, समोरच्या झगमगाटाकडे न पाहता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवावी, आणि जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग राखावा. ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी आणि ज्यांच्या गव्हाणीत तो ऊस जातो त्या कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीला लाल परावर्तक पट्टी लावल्यावाचून ती रस्त्यावर सोडू नये. त्या पट्टीचा खर्च एका उसाच्या मोळीएवढाही नाही.

निद्रेच्या बाबतीत आपल्या समजुती फार भोळ्या आहेत. मद्य प्यालेल्या चालकाला आपण गुन्हेगार मानतो आणि रात्रभर जागलेल्या चालकाला कष्टाळू म्हणतो. परंतु सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांनी दिसून आले आहे, आणि आपल्या कायद्याची फौजदारी मर्यादा तर तीस मिलिग्रॅमचीच आहे. दिवसभर कचेरीत काम करून रात्री अकराला सहकुटुंब गावी निघणारा गृहस्थ एक थेंबही न पिता या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. झोप सांगून येत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद मिटतो, आणि शंभरच्या वेगाने चार सेकंदांत गाडी एकशेदहा मीटर कोणाच्याही ताब्याविना जाते. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन ते चार, हे या डुलकीचे ठरलेले प्रहर होत. सातशेएक किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी शेवटच्या टप्प्यासह खुला झाला. त्यावर ना चौक आहे, ना गाव, ना बैलगाडी, आणि नेमक्या त्या निर्वेधतेमुळेच तेथे चालकाच्या मनाला काही काम उरत नाही. याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी गेले. त्या एका घटनेच्या कारणांची मीमांसा तज्ज्ञांनी करावी. आपण एवढे ध्यानात ठेवावे, की दर दोन तासांनी थांबणे हा आळस नव्हे, आणि गाणी मोठ्याने लावणे किंवा काच खाली करणे याने झोप जात नाही. ती फक्त झोपेनेच जाते. सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटणे हाच तिच्यावरचा तात्पुरता इलाज.

मोबाइलचा दोष निद्रेच्या जातीचाच आहे, फक्त तो हौसेने ओढवून घेतलेला. साठच्या वेगाने जाताना संदेश वाचण्यासाठी दोन सेकंद मान खाली घातली, की तेहतीस मीटर रस्ता न पाहता काटला जातो. बोलण्यासाठी मोबाइल वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणाने तो फारसा उणावत नाही. कारण गुंतलेला असतो तो हात नव्हे, चित्त. आपल्याला फोन करणाऱ्या स्नेह्याने ‘गाडी चालवतोयस का?’ एवढे विचारून संभाषण तेथेच थांबविण्याचा रिवाज आपण पाडला, तर पोलिसांच्या दंडाहून तो अधिक परिणामकारक ठरेल.

हे सगळे पाळूनही टक्कर होतेच कधीतरी. मग चूक आणि शिक्षा यांच्यात उरलेले शेवटचे अंतर म्हणजे आसनपट्टा आणि हेल्मेट. तीन ठिकाणी बांधणारा आजचा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीतील नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने सिद्ध केला. तो छातीच्या पिंजऱ्याला आणि कमरेच्या हाडाला धरतो, म्हणजे आघात शरीराच्या बळकट भागांवर वाटला जातो. मागच्या आसनावर त्याची गरज नाही, ही समजूत किती महाग पडते हे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर देशाला दिसले : मोटार ख्यातनाम बनावटीची, रस्ता राष्ट्रीय महामार्ग, आणि मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांचे सहप्रवासी असे दोघेच दगावले, पुढचे दोघे वाचले, मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासात निष्पन्न झाले. २०२२ साली देशात पट्टा न लावता मेलेल्या १६,७१५ जणांपैकी जवळजवळ निम्मे, म्हणजे ८,३३१, हे चालक नव्हेत, प्रवासी होते. मांडीवरच्या मुलाला आपण घट्ट धरून ठेवू, हा तर केवळ वात्सल्याचा भ्रम आहे. ताशी पन्नासच्या वेगाने टक्कर झाली असता दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यास सुमारे दोनशे किलो पेलण्याइतके बळ लागते, आणि ते कोणत्याही आईबापाच्या बाहूंत नसते.

हेल्मेटविना त्याच वर्षी ५०,०२९ माणसे मेली, आणि त्यांतील चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. नवरा हेल्मेट घालून पुढे, बायको पदर सावरीत एका अंगाने मागे आणि मूल दोघांच्या मध्ये, हे दृश्य आपल्या प्रत्येक गावात इतके सार्वत्रिक आहे की त्यातील क्रौर्य कोणाच्या नजरेस येत नाही. हेल्मेट टाकीवर ठेवून चौकापुरते डोक्यावर चढविणारे, किंवा ते घालूनही हनुवटीचा पट्टा न लावणारे, यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की न बांधलेले हेल्मेट पहिल्या आदळण्यापूर्वीच डोक्यावरून निघून जाते. मिसरूड न फुटलेल्या पोराच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या पालकांसाठी मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला आहे. पण शिक्षेच्या धाकाने जो सुधारतो, त्याने आधी मुलाचे काय होईल याचा विचार केला असता तर कायद्याला तसदी पडली नसती.

येथवर सारी जबाबदारी चालकावर टाकली, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच अनाठायी नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली धोरण म्हणून असे ठरविले, की माणूस चुकणार हे गृहीत धरूनच रस्ते बांधावेत, आणि एका चुकीची शिक्षा मरण असू नये. त्या कसोटीला आपले कित्येक रस्ते उतरत नाहीत. उताराच्या तळाशी अकस्मात येणारे चौक, टोके उघडी टाकलेले लोखंडी कठडे, रातोरात उगवणारे रंगहीन गतिरोधक आणि पादपथच नसलेली शहरे यांची जबाबदारी ज्यांच्या सहीने ती बांधली गेली त्यांच्यावरच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून दर अपघाताचे शास्त्रीय परीक्षण करून कठडे, फलक व गस्त यांत सुधारणा करण्याचा जो उपक्रम चालला, तो तसा प्रत्येक महामार्गावर चालला पाहिजे, अशी मागणी नागरिकांनी लावून धरावी. मात्र रस्ता सुधारेपर्यंत आज रात्रीचा प्रवास तर याच रस्त्यावरून व्हावयाचा आहे, आणि जेथे सरकारने अंतर ठेवलेले नाही तेथे ते आपणच राखले पाहिजे.

आणखी एक कर्तव्य उरते. अपघात झालेला पाहून पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भयाने पुढे निघून जाण्याची सवय आता सोडावी. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये म्हणून घालून दिलेल्या नियमांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यातच आले. मदत करणाऱ्याने आपले नाव सांगणे सक्तीचे नाही. १०८ ला रुग्णवाहिका आणि ११२ ला पोलीस येतात. पहिला तास हा जीव वाचविण्याचा तास असतो.

वाचकहो, पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा दहा मिनिटे लवकर निघा, मागच्या माणसाचा पट्टा लागल्याखेरीज गाडी सुरू करू नका, मोबाइल हात पोचणार नाही अशा जागी ठेवा, आणि पुढच्या गाडीपासून दोन सेकंद मागे राहा. यांतील एकाही गोष्टीला पैसा पडत नाही, परवाना लागत नाही, कोणाच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. आणि एवढ्याने जे मरण टळते ते बहुधा आपल्याच घरातले असते.